लक्ष वाती आणि कुईका

“वहिनी, बोलू नका. नुसती मान हलवा. बोटांना आत्ता दूध लागलंय ना?”

श्रावणातली सकाळ होती. देवासमोर पाटावर बसून मी फुलवाती वळत होते आणि दारात माझे दीर उभे होते. पायजम्यावर बनियन, चष्मा कपाळावर, आणि काखेत स्टीलच्या बिनबुडाच्या डब्यासारखं काहीतरी. डब्याच्या एका तोंडावर चामडं ताणून बसवलेलं.

मी मान हलवली. माझं मौन होतं. त्या चातुर्मासात मी लक्ष वातींचा नेम धरला होता. रोज आठशे दहा वाती, आणि त्या संपेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत लाख वाती पुऱ्या करून त्या दिवशी तिन्हीसांजेला कृष्णेच्या घाटावर लावायच्या.

“मग एक उपकार करा,” भाऊजी माझ्यासमोर मांडी घालून बसले. “या डब्यात हात घाला. आत चामड्याच्या मधोमध बांबूची काडी बांधलीय. वात वळता ना, तशीच ती काडी वळायची. फक्त वात मोडायची नाही म्हणून जपता, तसं जपू नका.”

मी चामड्याकडे बोट दाखवलं, मग देवाकडे, आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“चामडं? अहो, मृदंगाला काय केळीचं पान लावतात? मुनीरनं स्वतःच्या हातानं मढवलंय.”

यावर मौनात काय बोलणार? दुधाची बोटं पुढं केली, काडी चिमटीत धरली आणि वात वळल्यासारखी सरकवली.

डब्यातून असा आवाज आला की कुणी डुकराच्या पिल्लाला काखेत गुदगुल्या केल्यात! मी हात बाहेर ओढला. पुन्हा घातला. या वेळी तो डबा “ऊऽहूऽहू” करून हसला, अगदी माणसासारखा. भाऊजींनी वरून चामड्यावर अंगठा दाबला तसा हसू दाबल्यासारखा आवाज चढला. मग मलाही हसू फुटलं. मौनात हसू नये असं पोथीत कुठं लिहिलेलं नाही. मी नंतर पाहिलं.

“सापडली!” भाऊजी उठून अंगणाकडे ओरडत गेले. “अरे सॅम, मुनीर, कुईकावाली सापडली! घरातच होती!”

या गोष्टीला आता अठरा वर्षं झाली.

भाऊजी म्हणजे श्रीनिवास बोडस, माझ्या यजमानांचे धाकटे भाऊ. लग्न केलं नाही. मालवाहू जहाजावर इंजिनियर होते. एकदा ब्राझीलच्या सांतोस बंदरात त्यांचं जहाज बिघडून तीन महिने अडकून पडलं. तिथं रोज संध्याकाळी गल्लीत सांबा चालायचा. भाऊजी सॅक्सोफोन घेऊन शेजारी उभे राहायचे, आणि ते लोक त्यांना हाकलत नसत. येताना तिथल्या एका म्हाताऱ्यानं ही कुईका, म्हणजे तो हसरा डबा, दिली. निवृत्त होऊन सांगलीला आले तोवर माझे यजमान गेले होते, मुलं परदेशी. विश्रामबागेतल्या आमच्या बंगल्यात दोघंच, वहिनी आणि दीर. मी देवघरात, ते गच्चीवरच्या खोलीत.

त्या खोलीत मंगळवारी नि शुक्रवारी त्यांचा ताफा जमे. मिरजेचा मुनीर ड्रम वाजवायचा; त्याच्या घरी पिढ्यान् पिढ्या तबले मढवतात. सॅम सातपुते मिरजेच्याच चर्चमध्ये ऑर्गन वाजवी, इथं बेस गिटार. ताफ्याला नाव नव्हतं. शेजारच्या घोरपडेबाई “बोडसांचा गोंधळ” म्हणायच्या, तेच पडलं.

“भाऊजी, तुम्ही नक्की वाजवता तरी काय?” मी एकदा विचारलं होतं.

“जॅझ म्हणजे वहिनी, घरातून निघायचं आणि वाट सोडून भटकायचं. फ्यूजन म्हणजे भटकताना खिशात वीज घेऊन जायचं. आणि सांबा म्हणजे कमरेनं चालायचं. आम्ही तिन्ही एकदम करतो.”

“इश्श! आणि शब्द?”

“शब्द नाहीत. तुमच्यासारखंच, मौन.”

“हे मौन? घोरपडेबाईंना विचारा जाऊन.”

त्या वर्षी फाल्गुनात मात्र खोली गप्प झाली. भाऊजींना न्यूमोनियानं धरलं, एक फुप्फुस पार कामातून गेल्यासारखं. महिनाभर दवाखाना. चैत्रात घरी यायच्या दिवशी डॉक्टरांनी एक आगकाडी ओढली आणि भाऊजींच्या तोंडापासून वीतभर लांब धरली. “तोंड उघडं ठेवून विझवा.” भाऊजींनी फुंकर मारली. ज्योत जराशी झुकली आणि पुन्हा उभी राहिली. दुसरी काडी. ती बोटापर्यंत जळत आली. डॉक्टरांनीच हात झटकून विझवली.

“आमच्या वहिनींना आनंदच होईल,” भाऊजी धापा टाकत म्हणाले. “आमच्याकडे दिवा फुंकरीनं विझवलेला त्यांना चालत नाही.”

ते खरंच. मुलांच्या वाढदिवसाच्या मेणबत्त्यासुद्धा मी कधी फुंकू दिल्या नाहीत. दिवा फुलानं मालवावा. त्या दिवशी दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना त्यांचा हात धरला होता, तो हलका लागला, एवढं आठवतं.

आषाढात डॉक्टर म्हणाले, वाजवा हवं तर, पण लहान लहान फुंका आणि मध्ये श्वास घ्या. त्यावर भाऊजींनी एक रचना बांधली. सॅक्सोफोन थोडंसं विचारणार, कुईका हसून उत्तर देणार. सवाल-जवाब.

“कुईका हसते तेवढ्यात मी श्वास घेणार,” त्यांनी मला समजावलं. “म्हणजे वहिनी, तुम्ही माझं दुसरं फुप्फुस.”

“भलतंच काय!”

“त्रिपुरी पौर्णिमेला दुपारी चारला वाचनालयाचा वर्धापनदिन आहे, नाट्यगृहात. मी हो म्हणून बसलोय. हे एक लोकांपुढं तडीस गेलं तर या वाद्याची पेटी उघडी. नाहीतर सॅक्सोफोन सॅमच्या चर्चला देऊन टाकणार. कपाटात ठेवून रोज तोंड बघायचं माझ्यानं होणार नाही.”

हसत म्हणाले. पण पेटीला सॅमच्या नावाची चिठ्ठी आधीच लावलेली मी पाहिली होती.

मग काय, सकाळी वाती आणि दुपारी कुईका. वातींना बोटं दुधात बुडवायची, पीळ सैल पडला तर चिमूटभर राख लावायची. कुईकेला ओलं फडकं. बाकी हात तोच. हात शिकला, पण ताल शिकेना. मुनीर डोक्याला हात लावून बसे.

“काकू, तुम्ही समेवर नमस्कार करताय!”

“मग समेवर काय करायचं?”

“समेकडे नुसतं बघून घ्यायचं. बसायचं दुसऱ्या ठोक्यावर.”

“सम सोडून बसायचं? देव काय म्हणेल?”

“तुम्ही वात कशी वळता?”

“एक, कापूस धरायचा. दोन, पीळ द्यायचा.”

“जोर कशावर?”

“पिळावर.” म्हटलं आणि मीच थांबले. पन्नास वर्षं माझी बोटं दुसऱ्या ठोक्यावरच बसत होती, आणि मला पत्ता नव्हता. सॅमनं बेसवर सुरुवात केली, मी डब्यात हात घातला. धर, पीळ. धर, पीळ. भाऊजी खुर्चीवरून उठून कमरेनं चालायला लागले. साठीच्या माणसानं खोलीभर असं चालावं! मी डोळे मिटून घेतले, पण हात थांबवला नाही.

त्यांचा श्वास मी वातींत मोजे. भाद्रपदात त्यांचा सूर अर्धी वात टिकायचा. वात वळून होईपर्यंत तुटलेला. नवरात्रात एक वात. त्यापुढं सरकेना.

भर सकाळी मौनात असताना भाऊजी विचारायचे, “वहिनी, चहा झाला का?” कुईका शेजारीच असे. मी “ऊंऽहू” करायची. “साखर कमी?” “हीऽ!” एकदा घोरपडेबाई दारात आल्या.

“मंदाताई, अहो तुमच्याकडे कुत्र्याचं पिल्लू अडकलंय का कुठं? पंधरा दिवस ऐकतेय, बिचारं केकाटतंय.”

माझ्या अजून दोनशे वाती राहिलेल्या. बोलता येईना. खोटं तर बोलायचं नव्हतंच. मी पदराआडून काडीवर बोट फिरवलं. “ऊऽहूऽहूऽ!”

“अगंबाई, इथंच आहे की! उपाशी आहे ते. दूध द्या हो त्याला!”

मी दुधाची वाटी दाखवून मान डोलावली. बाई समाधानानं गेल्या. भाऊजी जिन्यात कठड्याला धरून हसत होते. हसता हसता खोकला आला, आणि खोकता खोकता बसले. मी धावत पाणी नेलं.

त्रिपुरी पौर्णिमा उजाडली. लाख वाती आदल्या दिवशीच पुऱ्या झाल्या होत्या. सकाळपासून त्या साजूक तुपात भिजवल्या आणि चार मोठ्या डब्यांत भरल्या. कार्यक्रमावरून परस्पर घाटावर जायचं ठरलं होतं. रिक्षात भाऊजींच्या मांडीवर सॅक्सोफोनची पेटी, माझ्या मांडीवर वातींचा डबा, पायाशी कुईका आणि बाकीचे डबे.

“घाबरलात का?” भाऊजींनी विचारलं.

“मी कशाला घाबरू? मला काय, हसायचंच आहे.”

“मी घाबरलोय,” ते म्हणाले, आणि लगेच रिक्षावाल्याशी गप्पा मारायला लागले.

वळणावर माझ्या डब्याचं झाकण उडालं. वर आलेल्या वाती मी भराभरा आत दाबल्या, झाकण लावलं, आणि हाताला लागेल त्या फडक्याला बोटं पुसली. रिक्षातून उतरताना भाऊजींनी ओठ घट्ट मिटले होते, तेवढंच मी पाहत होते. फडकं कुठलं, ते पाहिलंच नाही.

नाट्यगृह भरलं होतं. पडदा वर गेला. मी नऊवारीत, स्टुलावर, मांडीत कुईका. पहिल्या रांगेत एक टोपीवाले आजोबा माझ्याकडे टक लावून पाहत होते. मुनीरनं काठ्यांवर ताल दिला, सॅमचा बेस गुरगुरला, भाऊजींनी पहिला सवाल टाकला. चार ठोक्यांचा, खट्याळ.

मी हात फिरवला.

काही नाही. काडी बोटांतून अशी सुळकन् निसटली, जसा अभ्यंगाला तेल लावलेला पोर.

दुसरा सवाल. मी दाबून धरलं. पुन्हा सुळकन्. कुईकेच्या पोटातून हूं नाही की चूं नाही. मोकळी राहिलेली जागा भाऊजींनी स्वतःच भरून काढली. त्यांच्या श्वासाची जागा होती ती.

मुनीरनं ड्रमवर धडाधड काहीतरी घातलं आणि मागून दबक्या आवाजात म्हणाला, “काकू! हसा ना!”

“हसत नाहीये रे!”

तिसरा सवाल. भाऊजींनी भुवया उंचावून माझ्याकडे पाहिलं. मानेच्या शिरा दोरीसारख्या झालेल्या. त्यांनी पुन्हा स्वतःच उत्तर दिलं, पण अर्धंच. शेवटचा सूर नुसती हवा होऊन गेला. सॅम बेसवर तेच तेच फिरवत राहिला आणि माझ्याकडे असा पाहू लागला जसा तो चर्चमध्ये वर पाहत असेल.

मी हात बाहेर काढला. बोटांना वास आला. साजूक तुपाचा.

कुईकेच्याच फडक्याला मी तूप पुसलं होतं! आणि पडदा वर जायच्या आधी तेच फडकं ओलं करून चांगलं घासून घासून काडीला तूप पाजलं होतं.

पण तुपाचं भांडं काय मी आज पहिल्यांदा घासणार होते? कनवटीला राखेची डबी होती. वाती वळताना लागते म्हणून चार महिने तिथंच असायची. मी ती काढली, तळहातावर राख ओतली, आणि भर रंगमंचावर कुईकेत हात घालून काडी घासायला लागले, नैवेद्याची वाटी घासावी तशी. राख उडाली. दिव्यांच्या झोतात ढग दिसला म्हणे. पहिल्या रांगेतल्या आजोबांनी टोपी सारखी केली आणि हात जोडले. त्यांचं पाहून शेजारच्यांनीही जोडले.

“पूजा आहे वाटतं,” कुणीतरी म्हणालं.

“सॅमभाऊ, पाणी!”

सॅमनं एका हातानं बेस चालू ठेवून पायानं बाटली ढकलली. फडकं तर बाद. मी पदराचं टोक भिजवलं आणि पदरासकट हात डब्यात घातला. आता मी आणि कुईका एकमेकींना बांधलेल्या. भाऊजींचा पाचवा सवाल येत होता. सवाल कसला, उचकी होती ती.

धर. पीळ.

“ऊऽऽहूऽहूऽहीऽ!”

अशी हसली कुईका! तीन महिन्यांत कधी हसली नव्हती अशी. सगळं नाट्यगृह खदखदून हसलं. जोडलेले हात सुटून टाळ्या झाल्या. भाऊजींनी तोंडातून सॅक्सोफोन काढून एवढा मोठा श्वास घेतला की त्यांचे खांदे कानाला लागले. त्यांनी सवाल टाकला, मी हसले. त्यांनी चिडवलं, मी खिदळले. माझा आवाज उभ्या आयुष्यात पलीकडच्या खोलीत गेला नव्हता. त्या दिवशी मी सहाशे माणसांपुढं खिंकाळत होते, देवानं क्षमा करावी, आणि थांबवत नव्हतं. मुनीर “वाह काकू” म्हणून ओरडला. पदर ओढला जाऊन डोक्यावरचा कधी खांद्यावर आला, कळलं नाही.

शेवटी ठरलेलं होतं की भाऊजी एक छोटा सूर लावतील आणि सगळे थांबतील. त्यांनी सूर लावला. मी सवयीनं मनात वात वळायला घेतली. एक झाली. सूर होता. दुसरी वळली. सूर होता, थरथरत नव्हता. तिसरी वळून होईपर्यंत मुनीरच्या काठ्या हवेत थांबल्या होत्या.

तीन वाती!

पडदा पडला तेव्हा भाऊजी खुर्चीवर बसून दम खात होते आणि हसत होते. सॅमनं जाऊन पेटीवरची स्वतःच्या नावाची चिठ्ठी फाडली. “आमच्या चर्चमध्ये जागा नाही हो याला,” तो म्हणाला.

घाटावर पोचलो तेव्हा सूर्य बुडत होता आणि पलीकडून चंद्र वर येत होता. पायऱ्यापायऱ्यांवर पणत्या. तिघांनी माझे डबे उतरवले. मातीच्या मोठ्या परळात मी वाती रचल्या, हात जोडले, आणि काडी लावली. आधी एक कड धरली, मग सगळं परळ भरून ज्योती. आमची तोंडं उजळली. मुनीरच्या भुवईवर अजून राख होती.

“वहिनी,” भाऊजी परळाजवळ उकिडवे बसले, “आता तर सांगा. लाख वाती कशासाठी? आमच्या दादांसाठी?”

मी काही बोलले नाही.

“मौन तर संपलं की!”

“ते आजोबा पाहिलेत का?” मीच विषय बदलला. “राख उडाली तर हात जोडले त्यांनी.”

“पाहिले! अहो नंतर मला येऊन विचारतात, ‘त्या माताजी कुठल्या मठाच्या?’ मी म्हटलं, आमच्या वहिनी आहेत. तर म्हणतात, ‘अंगारा मिळेल का?’”

यावर सॅम पायरीवर लोळायला लागला. मुनीरला ठसका लागला. भाऊजींनी मान मागं टाकली, मग पुढं आणली, आणि असे हसले, पोटातून, छातीतून, तोंड उघडं टाकून... समोरच्या कडेच्या वीसपंचवीस ज्योती एकदम झोपल्या आणि विझल्या. दीड हातावरच्या.

हसू थांबलं. भाऊजींचा चेहरा उतरला.

“वहिनी! चुकलो. माझा श्वास लागला. दिवा विझला की हो... अपशकुन झाला का?”

परळातल्या त्या कडेवरून धुराच्या वीसपंचवीस रेघा सरळ वर चालल्या होत्या. मी पाहत राहिले. मग काडीपेटी घेतली, एक काडी ओढली, आणि त्यांच्या तोंडासमोर धरली. मधलं अंतर दुसऱ्या हातानं मोजलं. एक वीत.

“विझवा,” मी म्हटलं.

“तुमच्या हातातली? फुंकरीनं?”

“तोंड उघडं ठेवून. विझवा म्हणते ना.”

त्यांनी काडीकडे पाहिलं. मग त्या लाख वातींकडे. मग माझ्याकडे. त्यांचा चष्मा एकदम धूसर झाला. त्यांनी तो काढला नाही, तसंच तोंड उघडलं.

फट्कन विझली.

“अजून एक, काकू!” मुनीर ओरडला. मी दुसरी ओढली. विझली. तिसरी, हातभर लांब. विझली. सॅम मोजायला लागला, घाटावरची पोरंबाळं जमली, प्रत्येक काडीला आरोळी. मी ओढतेय आणि ते विझवतायत, मी ओढतेय आणि ते विझवतायत. आमच्या दोघांच्या डोळ्यांतून पाणी, आणि थांबायला कुणी तयार नाही.

घरी आलो. देवापाशी सांजवात लावायची राहिली होती, आणि पेटीत एक काडी नाही. घरात दुसरी पेटी नाही. शेवटी घोरपडेबाईंच्या दाराशी गेले.

“काय हो मंदाताई,” बाई माझ्या राखेनं माखलेल्या पदराकडे बघत म्हणाल्या, “आज लाख वाती लावून आलात, आणि घरात एक काडी राहिली नाही?”

“नाही राहिली,” मी म्हटलं. “सगळ्या भाऊजींनी विझवल्या.”